कालिंदीची पगारी सुट्टी

सीताराम नेरुरकराला या व्यवहारातून तीस हजार रुपये सुटणार होते. माणशी दोनशे, माणसं दहा, महिने बारा, झाले चोवीस हजार. वर कामाच्या बायकांना बसायला-उठायला आडोसा बांधण्यासाठी सहा हजार एकरकमी. हा हिशेब त्यानं आधी बोटांवर केला, मग पुडीच्या कागदावर, मग देवासमोर उदबत्ती ओवाळताना मनातल्या मनात. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, तेव्हा त्याची खात्री पटली की सरकार शुद्धीवर नाही.

लालबागच्या गल्लीत त्याचं मसाला कांडपाचं दुकान. पुढे फळीवर मिरच्यांची पोती, मागे मिरच्या कुटणारा डंक, आणि डंकाच्या मागच्या अंगाला चुलखंड, जिथे त्याची बायको कालिंदी मसाला भाजायची. गिरण्यांच्या संपाला चार वर्षं होऊन गेली होती. तो मिटला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. साखरेचा खडा पाण्यात जावा तसा तो माणसांसकट विरघळला होता. ज्या घरातून वर्षाला दहा किलो मिरची यायची तिथून चार यायला लागली, खानावळी तर एकामागून एक बंदच झाल्या. पण देव एक दार लावतो तेव्हा दादरकडचं उघडतो. बँकेतल्या, शाळेतल्या, कचेऱ्यांतल्या बायका आता मसाल्याला लालबागलाच यायला लागल्या होत्या. त्यांना घाई असायची. आणि कांडपाचा रिवाज असा की गिऱ्हाइकाने आपली मिरची कुटून होईपर्यंत डंकासमोर ठाण मांडून बसायचं, कारण आपली बेडगी दुसऱ्याच्या डब्यात जाणार नाही याची हमी या जगात फक्त आपले दोन डोळेच देतात. सीतारामचा डंक एकच. रांग वाढली की दादरच्या बायका मनगटावरचं घड्याळ बघत शेजारच्या दुकानात जाऊन बसायच्या. सीतारामला ते दृश्य दिसायचं आणि तो मनात बुडालेले किलो मोजायचा.

म्हणून त्याला दुसरा डंक हवा होता. रे रोडच्या एका कारखान्यात त्यानं तो सांगूनही ठेवला होता. किंमत तीस हजार, पाच हजार इसारा दिलेला. होळीच्या आत बाकीची सोय करा, नाहीतर डंकही गेला आणि इसाराही, असं कारखानदारानं हसत हसत सांगितलं होतं. त्या हसण्यामुळे सीतारामला दोन रात्री झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी चिंतामणी आला.

चिंतामणी गिरगावातला. तीस वर्षं कामगार खात्यात कायद्याच्या या बाजूला बसला आणि निवृत्त झाल्यावर उठून त्या बाजूला जाऊन बसला. आता तो छोट्या धंदेवाल्यांना सल्ला द्यायचा, आणि कुठल्याही दुकानात शिरला की आधी पंख्याखालची खुर्ची शोधायचा.

"नवा नियम आलाय, सीतारामशेठ," त्यानं चहा येईपर्यंत वाट पाहून सांगितलं. "प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र. आठवड्याला एक पगारी सुट्टी. आठ तासांवर काम घेतलंत तर दुप्पट. आणि काढायचं झालं तर कारण द्या, भरपाई द्या."

"म्हणजे दुकान त्यांच्या नावावर करा, असंच ना?"

"ऐका तर खरं. धंदेवाल्याला हा घास एकदम उतरणार नाही, म्हणून सरकारनं सोबत पाण्याचा तांब्याही ठेवलाय. जो नियमानं वागेल त्याला वर्षभर निम्मा पगार सरकार देणार. आडोशाचे पैसे वेगळे. मंजुरीचं पत्र हातात आलं की त्यावर बाजारात कुणीही उधार देतो. अट एकच. माणसं किमान दहा हवीत, आणि पुढची दोन वर्षं त्यातल्या कुणाला तुम्ही काढायचं नाही. काढलंत तर घेतलेलं सगळं व्याजासकट परत."

सीताराम विचारात पडला. आजवर गल्लीतला प्रत्येक कांडपवाला सरकारला तीन माणसं दाखवत आला होता. माणसं लपवण्याची कला बापाकडून मुलाकडे आली होती. माणसं वाढवून दाखवण्यात फायदा असण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे हात अडखळत होता. खरी माणसं त्यानं मनात मोजली. डंकावर जयवंत आणि त्याच्या हाताखाली दोघे. मिरचीचे देठ खुडायला सुंदराबाई आणि तिच्या बरोबरच्या पाच जणी, किलोमागे पैसे घेणाऱ्या. नऊ.

"एक कमी पडतोय," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का साहेब, हे नऊ लिहिले तर ते मला लिहितील. हा जयवंत मिलमधला आहे. आठ वर्षं गेटावर बदली कामगार म्हणून उभा राहिला, कायम झाला आणि दोन महिन्यांत संप. त्याला कायद्याची पानं तोंडपाठ. याच्या हातात नेमणुकीचं पत्र म्हणजे माकडाच्या हातात कोलीत."

डंक बंद होता, त्यामुळे जयवंतला हे स्वच्छ ऐकू गेलं. त्यानं फक्त डंकाच्या मुसळीवरची धूळ पुसली.

चिंतामणीनं आवाज खाली आणला. "मग घरची माणसं लिहा ना. आई, बायको, भाऊ, भावजय. पगार कागदावर द्यायचा, संध्याकाळी घरातच परत. घरचं माणूस कधी कोर्टात जात नाही."

या एका वाक्यासाठी चिंतामणीनं मिळणाऱ्या तीस हजारांवर दहा टक्के, म्हणजे तीन हजार ठरवले. निम्मे आगाऊ घेतले.

दहाच्या दहा जागा नातेवाइकांतून भरायला सीतारामला फारसा वेळ लागला नाही. फुकटचं नाव द्यायला माणसं कमी पडत नाहीत. माहीमचा भाऊ, त्याची बायको, मेहुणा, मेहुण्याचे दोन मुलगे, अशी भरती करत करत तो आईपाशी आला. आनंदीबाईंचं वय पंचाहत्तर. नोकरी लागल्याचं ऐकून त्या घाबरल्या.

"माका पगार कसलो रे? दोन येळ जेवक मिळता ता काय कमी?"

"नुसता अंगठा दे गे आये."

"आणि काम खयचा?"

"काही नाही. बसून राहायचं."

"ता तर मी करतंयच," असं म्हणून आनंदीबाईंनी अंगठा दिला.

कालिंदीनं मात्र सही केली, आणि सही करायच्या आधी कागद वाचला. सीतारामला त्याचं काही वाटलं नाही. बायको सातवी शिकलेली आहे, तिला अधूनमधून वाचू द्यावं, एवढा तो सुधारक होता.

योजनेत एक कलम असं होतं की अधिकाऱ्यानं स्वतः येऊन कामगारांना त्यांचे हक्क मोठ्यानं वाचून दाखवायचे. माघात एका दुपारी तो आला. तरुण, चष्मेवाला, मिरचीच्या खाटानं पहिल्या पायरीपासून शिंकणारा. नातेवाईक साखरपुड्याला आल्यासारखे ठेवणीतले कपडे घालून पोत्यांवर बसले होते. खऱ्या कामगारांना सीतारामनं तेवढ्यापुरतं गल्लीच्या तोंडाशी चहाला पाठवलं होतं, चहा आपल्या खर्चानं. अधिकारी वाचत होता आणि भाऊ माना डोलवत होता. मेहुण्याचा धाकटा डुलक्या घेत होता.

"काही शंका?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"आठ तासांवर काम केलं तर दुप्पट, ते घरच्या माणसालाही?" कालिंदी म्हणाली.

"तुम्ही काय काम करता?"

"भाजते."

"मग तुम्ही कामगार आहात. मालकाशी नातं काय आहे याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही."

सीताराम मोठ्यानं हसला. अधिकारी शिंकला. कालिंदी दोघांकडेही न बघता परत चुलखंडाशी गेली.

इथं तिच्या कामाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण सीतारामला ते कधी सांगावेसे वाटले नव्हते. मिरची कोणीही कुटेल, डंक विजेवर चालतो. मसाला होतो तो भाजण्यात. धणे किती वेळ, दगडफूल कधी, त्रिफळ टाकायचं की नाही, खसखस रंग बदलायच्या कुठल्या क्षणाला उतरवायची, हे सगळं कालिंदीच्या नाकात होतं. आणि प्रत्येक घराचं प्रमाण तिच्या डोक्यात. माहीमच्या कोळणींना संकेश्वरी जास्त, बेडगी नावाला. दादरच्या बाईंना रंग हवा पण घसा जळता कामा नये. परळच्या अमक्या घरात म्हातारं माणूस आहे, तिथं बडीशेप वाढवायची. सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत हंगामात ती चुलीसमोर असायची. सीताराम याला 'घरची मदत' म्हणायचा.

फाल्गुनातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी तो दुकानात आला तेव्हा चूल थंड होती. मागच्या खोलीत कालिंदी धुतलेली साडी नेसून, केसांची वेणी घालून, खिडकीशी बसली होती.

"बरं नाही का?"

"बरं आहे की."

"मग?"

"आज माझी सुट्टी. पत्रात वार मंगळवार लिहिलाय. तुम्हीच लिहिलात."

सीतारामनं आधी ती थट्टा समजून पाहिली. मग रागावून पाहिलं. मग, बाहेर सात गिऱ्हाइकं बसलीत म्हणून, गयावया करून पाहिलं. कालिंदीनं तिन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे ऐकून घेतल्या आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्यानं सुंदराबाईला हाक मारली. "बाई, आजच्या दिवस जरा भाजणीचं बघा."

सुंदराबाईनं देठ खुडता खुडता मान वर केली. "बघितलं असतं शेठ. पण माझं नाव कुठाय? ते पत्रवाल्यांचं काम. आपण पडलो किलोवाले. बाहेरच्या बाईनं भाजलेलं नियमात बसतं का ते तुमच्या गिरगाववाल्यांना विचारून या आधी."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून खोकल्या. मिरचीच्या दुकानात कुणी कशामुळे खोकतं ते सिद्ध करता येत नाही.

शेवटी सीताराम स्वतः चुलीसमोर बसला. पहिला मसाला माहीमच्या गुणवंतीचा होता. मासळी विकून जमवलेल्या पैशांतून ती दर वर्षी सात किलो करायची. सीतारामनं धणे उतरवले तेव्हा ते कच्चे होते, म्हणून खसखस जरा जास्त वेळ ठेवली. वास आला तसा गुणवंती उठून थेट चुलीपाशी आली.

"शेट, यो मसाला हाय का कोलसा? माज्या घरची मानसं म्हावरा खातान, राख नाय. वैनी कुठं हाय?"

"सुट्टीवर," जयवंतनं डंकाजवळून सांगितलं. "पगारी. वहिनी कायम झाल्या, मावशी. आम्ही अजून बदली."

गुणवंतीनं सामानाचे पैसे भरून घेतले आणि दुखऱ्या दाताला हात लावल्यासारखं तोंड करून शेजारच्या दुकानात गेली. तिच्या पाठोपाठ आणखी चार जणी उठल्या.

दुपारी दुकान जयवंतवर टाकून सीताराम गिरगावात चिंतामणीच्या खोलीवर गेला. चिंतामणी जेवून आडवा झाला होता.

"तुम्ही म्हणालात घरचं माणूस कोर्टात जात नाही."

"मग, कोर्टात कुठं गेलीय? घरीच तर आहे."

"तिचं नाव काढून टाका."

"काढता येतं. मंजुरी मिळत नाही एवढंच. आणि शुक्रवारी अधिकारी पाहणीला येणार. या वेळी नुसतं बसवून चालायचं नाही हां, प्रत्येकाला काम करताना बघतो तो. आईसाहेब काय करून दाखवणार आहेत?"

आईच्या हातात मिरची दिली तर ती आधी डोळ्याला लावणार, हे सीतारामला दिसत होतं. भावाची नोकरी पोस्टात. शुक्रवारी रजा मिळणार नाही असं त्यानं कळवलं होतं. होळी बारा दिवसांवर. रे रोडचा डंक दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात बसलेला त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्याच्यासमोर घड्याळ न बघता बसलेल्या दादरच्या बायका.

संध्याकाळी तो घरी आला. कालिंदीनं पानं वाढली, कारण स्वयंपाक नेमणुकीच्या पत्रात नव्हता.

"तुझं काय म्हणणं आहे ते एकदा सांग," तो म्हणाला. "दुप्पट हवेत? देतो. कुणाला बोलू नकोस."

"मी एकटी सुट्टी घेऊन करू काय? सुट्टी घेतली की चूल थंड. मग बुधवारी दोन दिवसांचं भाजायचं. अशी सुट्टी सरकारनंच घ्यावी."

"मग?"

"सुंदराबाईला भाजणी येते. निम्मी मी शिकवलीय, उरलेली शिकवीन. तिला लिहा. म्हणजे मंगळवार माझा, सोमवार तिचा."

"आणि नावं कुठनं आणू? दहा भरलीत."

"भरलीत ती उपसा. भावजी, जाऊबाई, तो डुलक्या घेणारा. सासूबाईंनाही मोकळं करा, त्या रोज विचारतायत की मला कामावरून कधी सोडणार."

"जयवंतला लिहू म्हणतेस? उद्या तो झेंडा लावेल दारात."

"लावू दे. मिलचा मालक वर्षभर थांबू शकला, कापड कुजत नाही. तुमची गिऱ्हाइकं किती वेळ थांबतात ते सकाळी बघितलंत ना. झेंडा लावायचा तर त्याला पत्र कशाला लागतंय?" तिनं भात वाढला. "आणि वर्षानंतर निम्मा पगार बंद होईल म्हणून रडाल, तर तेव्हा दुसरा डंक चालत असेल ना? तो कोण चालवणार? सासूबाई?"

सीताराम जेवायचा थांबला. या बाजूनं त्यानं हिशेबच केला नव्हता. दुसरा डंक आला की दुसरी माणसं लागणार, ही गोष्ट त्याला डंक सांगून चार महिने झाले तरी सुचली नव्हती. त्याच्या डोक्यात डंक आपला आपण कुटत होता.

"पण ते नऊच आहेत," तो शेवटचा खुंटा धरून म्हणाला. "दहा भरत नाहीत."

ताटावरून कालिंदीनं त्याच्याकडे एवढा वेळ पाहिलं की त्याला पुन्हा मोजावं लागलं. डंकावर तिघे. देठाला सहा. आणि चुलीवर एक.

पंधरा वर्षं दुकानात दहा माणसं होती.

मालकानं काढलं तर मंजुरी जाते, माणसानं स्वतःहून सोडलं तर नाही, अशी वाट दाखवून नावं बदलायचे चिंतामणीनं वेगळे पाचशे घेतले. शुक्रवारी अधिकारी आला, नाकाला रुमाल बांधूनच. नऊ माणसांचे राजीनामे एकदम बघून त्यानं गंभीरपणे विचारलं, "एवढे लोक दोन महिन्यांत सोडून गेले? वागणूक नीट मिळत नव्हती का?" सीतारामनं खाली मान घातली. आनंदीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. नोकरी सुटल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता, तरी जाता जाता त्यांनी विचारलंच, "माजी आठ सुट्ट्यो रवल्यो, त्यांचा काय?" अधिकाऱ्यानं ते टिपून घेतलं. पुढे त्या सुट्ट्यांचे पैसे सीतारामला खरोखर भरावे लागले, आणि आनंदीबाईंनी ते मोडायला नकार दिला.

बाकी पाहणी चोख झाली. जयवंतनं डंक चालवून दाखवला. सुंदराबाईनं खसखस अचूक क्षणाला उतरवली. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर तिनं ते वाचायला जयवंतकडे दिलं. जयवंतनं वाचलं, परत केलं, आणि स्वतःचं पत्र घडी करून टोपीत ठेवलं. "संपाआधी असंच एक मिळालं होतं," एवढंच तो म्हणाला. झेंडा त्यानं लावला नाही. मात्र आठ तास झाले की डंकाचा खटका तो असा पाडायचा की गल्लीतल्या लोकांनी त्यावर घड्याळं लावावीत.

होळीच्या आदल्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं आणि त्या भरवशावर रे रोडचा डंकही आला. फक्त पैसे आले नाहीत. ते यायला चौदा महिने लागले, आणि आले तेव्हा सोडून गेलेल्या नऊ जणांच्या दोन महिन्यांची कपात होऊन आले. आडोशाचे सहा हजार निम्मेच मिळाले, कारण पाहणीत आडोशात मिरचीची पोती आढळली. चिंतामणीनं आपले उरलेले दीड हजार मूळ तीस हजारांवरच वसूल केले. कपात हा त्याच्या मते सरकारचा आणि सीतारामचा आपसातला प्रश्न होता. मधल्या काळात कारखानदारानं व्याज लावलं. तेही हसत हसत.

कालिंदीला महिना चारशे मिळू लागले. पहिल्याच महिन्यात सीतारामनं घरखर्चाला द्यायच्या रकमेतून बरोबर चारशे कमी केले. "तुझा पगार आहे ना आता," तो म्हणाला, आणि नवरा म्हणून नव्हे, दोन्ही खाती जुळवणारा माणूस म्हणून त्याला बरं वाटलं. कालिंदीच्या हिशेबी शेवटी शिल्लक राहिला तो मंगळवार. तो तिनं कुणालाही वळता करून दिला नाही. मंगळवारी ती दादरला बहिणीकडे जायची आणि येताना तिच्या अंगाला कसलाच वास नसायचा.

राहिला सीताराम. दहा पगार, व्याज, चिंतामणी आणि आईच्या सुट्ट्या असा सगळा बोजा त्यानं एका रात्री एकत्र मांडला, वर्षभरात दोन्ही डंकांवर किती किलो मिरची येते त्यानं त्याला भागलं, आणि सकाळी पाटी लावली: नवीन कायद्यामुळे कुटणावळ किलोला तीनऐवजी साडेचार. दुपारपर्यंत गल्लीत सगळीकडे तीच पाटी लागली. बाकीच्यांनी एकाही माणसाला पत्र दिलं नव्हतं, पण कायदा सर्वांना सारखा.

वैशाखात सुंदराबाई आपल्या घरची पाच किलो मिरची घेऊन रांगेत बसली. दिवस सोमवार होता, तिच्या सुट्टीचा, त्यामुळे ती गिऱ्हाईक म्हणून आली होती आणि आपल्या मिरचीवरून नजर काढत नव्हती. कुटून झाल्यावर सीतारामनं साडेबावीस रुपये सांगितले.

"कामगाराला सूट नाही?"

"पत्रात बघा, लिहिलंय का कुठं."

सुंदराबाईनं कमरेची चंची सोडली, पंधरा रुपये फळीवर ठेवले, थोडी थांबली, आणि वरचे साडेसात मोजून त्यांच्या शेजारी ठेवले.